माहीत नाही म्हणजे नाही नव्हे

गेले तीन विकांत इथे काहीच लिहिलं नाही. रिलीज होतं हे कारण खरं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे एक विषय डोक्यात अडकून बसला होता आणि तो लिहायची जरा लाज वाटत होती. आज लिहूनच टाकतो.

आधी गोष्ट सांगतो, मग इतिहास. (इतिहासाशिवाय माझी पोस्ट संपत नाही हे तुम्हाला एव्हाना ठाऊक आहे.)

गेल्या वर्षी जुलैच्या शेवटी, रोवणीच्या दिवसांत, कुरखेड्याहून मामीचा फोन आला. ज्यांना कुरखेडा माहीत नाही त्यांच्यासाठी : गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडचा तालुका, सती नदीकाठचा. आजूबाजूला धान आणि जंगल. रेल्वे पकडायची तर वडशाला जायचं, आणि मोठा दवाखाना म्हटलं की नागपूर, जे पावसाळ्यात रस्त्याच्या मर्जीवर असतं. मी तिथेच वाढलो. इंजिनियरिंगला नागपूर, नोकरीला पुणे, असा आमच्याकडच्या पोरांचा ठरलेला प्रवास.

मामी म्हणाली, "बाबू, रिपोट पाठवला व्हाट्सपवर. पाहून सांग बरं, काही भेव आहे का?"

रिपोर्ट माझ्या मामेबहिणीचा होता. बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. डावा पाय सुजला होता आणि पोटरी दुखत होती. कोविडपासून आमच्या घरात 'डी-डायमर' हा शब्द 'सर्दी-पडसं' इतका ओळखीचा झालाय, त्यामुळे डॉक्टरांना न विचारताच मामाने लॅबवाल्याला सांगून तीही टेस्ट करून घेतली. आकडा होता ४२००. शेजारी कंसात 'नॉर्मल : ५०० पेक्षा कमी'.

आता महत्त्वाची गोष्ट. ही बहीण सिकलसेलची पेशंट आहे. एसएस पॅटर्न. म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही जनुक तसेच आलेले.

मी काय केलं? जे आपण सगळे करतो तेच. लॅपटॉप उघडला आणि वीस मिनिटं वाचलं. वाचलेलं सगळं बरोबर होतं : सिकलसेलच्या पेशंटचं डी-डायमर ठणठणीत असतानाही वाढलेलं असतं. बाळंतपणानंतर काही आठवडे ते कुणाचंही वाढलेलं असू शकतं. झालं! मी फोन लावला आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "मामी, घाबरू नका. हिचा आकडा तसाही वाढलेलाच येणार. यावरून गाठ आहे असं होत नाही. पाऊस ओसरू द्या, मग बघू."

मामाला हायसं वाटलं. नदीला पाणी होतं, रोवणीला माणसं लावलेली होती, आणि पुण्याचा इंजिनियर भाचा सांगतोय म्हटल्यावर कोण कशाला पाय उचलेल?

दुसऱ्या दिवशी मामीला राहवलं नाही म्हणून ती तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या मॅडमनी रिपोर्टकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही पायांच्या पोटऱ्या टेप लावून मोजल्या आणि म्हणाल्या, आजच्या आज डॉप्लर करायला जा. गाडीची सोय त्यांनीच करून दिली. डॉप्लरमध्ये डाव्या मांडीच्या शिरेत गाठ निघाली.

बहीण आता बरी आहे. आधी हेपारिनची इंजेक्शनं झाली, मग गोळ्या. बाळ रांगायला लागलंय. पण ती गाठ सुटून फुप्फुसात गेली असती तर ही पोस्ट मी लिहिली नसती, आणि मामाच्या घरी पुन्हा तोंड दाखवू शकलो असतो की नाही, कोण जाणे.

नंतर मॅडमशी फोनवर बोलणं झालं. मी ओशाळून माझं वाचन सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही वाचलं ते बरोबर. काढलेला अर्थ चूक. ही टेस्ट तिच्या बाबतीत काहीच सांगत नाही. तुम्ही 'काहीच सांगत नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा घेतला."

मंडळी, मी रोज कोड लिहितो. 'नल' आणि 'फॉल्स' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी ज्युनियर पोरांना शिकवतो. 'उत्तर नाही असं आहे' आणि 'उत्तरच उपलब्ध नाही' यात गल्लत केली तर प्रोग्रॅम कसा कोसळतो यावर मी टीममध्ये एक प्रेझेंटेशनसुद्धा दिलंय. आणि घरच्या माणसाच्या वेळी नेमकी तीच चूक केली.

तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलो. शिरेतली गाठ रक्तातून ओळखायची कल्पना आली कुठून, ती कुणासाठी चालते, कुणासाठी चालत नाही? वाचता वाचता लक्षात आलं की हा इतिहास बर्लिनमधून निघतो, ब्रिस्बेन-शिकागो फिरतो आणि आमच्या गडचिरोलीत येऊन पोचतो.

*

सुरुवात रुडॉल्फ फिरखोपासून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचा जर्मन डॉक्टर. फुप्फुसात सापडणारी रक्ताची गाठ तिथेच तयार होते असं तेव्हा मानत. फिरखोने प्रेतांची चिरफाड करून आणि प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की ती गाठ बहुतेकदा पायाच्या शिरेत जन्मते, सुटते आणि रक्ताबरोबर वाहत वर जाते. १८५६ साली त्याचे लेख एकत्र छापले गेले. पुढे त्याच्या नावावर तीन कारणांची एक यादी रूढ झाली : रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि खुद्द रक्ताची प्रकृती बदलणं. आज दीडशेहून जास्त वर्षं झाली, वैद्यकाचे विद्यार्थी अजूनही हीच यादी पाठ करतात.

याच फिरखोची आणखी एक ओळख आहे. १८४८ साली सरकारने त्याला अप्पर सायलेशिया नावाच्या गरीब प्रांतात टायफसची साथ बघायला पाठवलं. त्याने अहवालात औषधांपेक्षा भूक, अज्ञान आणि राज्यकर्त्यांचं दुर्लक्ष यांवरच जास्त लिहिलं. सरकारला ते अजिबात आवडलं नाही. हे आत्ता का सांगतोय ते पुढे कळेल.

कारणं कळली, पण जिवंत माणसाच्या पायात गाठ आहे की नाही हे कळायचं कसं? बॉस्टनचे सर्जन जॉन होमन्स यांनी १९४० च्या दशकात एक खूण सांगितली : पाऊल वरच्या बाजूला वाकवल्यावर पोटरी दुखली तर गाठीचा संशय घ्या. सोपी खूण, म्हणून जगभर पसरली. पुढे कळलं की गाठ असलेल्या कित्येकांना दुखत नाही आणि नसलेल्या कित्येकांना दुखतं! दुसरा मार्ग शिरेत रंगद्रव्य टोचून एक्स-रे काढण्याचा. अचूक, पण त्रासदायक, खर्चिक आणि मोठ्या इस्पितळातच शक्य. १९८० च्या दशकात सोनोग्राफी आली आणि गोष्ट फारच सोपी झाली. शिरेवर प्रोब ठेवून दाबायचं. मोकळी शीर दाबली की चपटी होते. आत गाठ असेल तर होत नाही. बस्स, एवढंच. आपण ज्याला 'डॉप्लर' म्हणतो त्या तपासणीचा गाभा हाच आहे.

पण प्रत्येक सुजलेल्या पायाला मशीन कुठून आणणार? एखादी रक्ताची टेस्ट असती तर किती बरं, असं वाटणं साहजिक होतं.

*

आता थोडं मेकॅनिक्स. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. त्याची रचना ढोबळपणे अशी समजा : दोन टोकांना दोन गोळे आणि मध्ये एक. टोकांच्या गोळ्यांना 'डी' म्हणतात, मधल्याला 'ई'. जखम झाली की थ्रॉम्बिन नावाचं एन्झाइम कामाला लागतं, फायब्रिनोजेनचं फायब्रिन होतं आणि त्याचे धागे एकमेकांना चिकटून जाळं बनतं. मग 'फॅक्टर तेरा' येतो आणि शेजारशेजारच्या दोन 'डी' गोळ्यांना पक्कं बांधून टाकतो.

काम झालं की शरीर हे जाळं मोडायला घेतं. मोडणारा तो प्लाझ्मिन. तो धागे कुरतडत जातो, पण फॅक्टर तेराने बांधलेली ती डी-डी गाठ त्याला सुटत नाही. आमच्याकडे परसात बांबूचं कुंपण असतं. दोन बांबू जिथे मिळतात तिथे तारेने आवळतात. वाळवीने बांबू फस्त केला तरी तारेची गाठ तशीच मातीत सापडते. ती गाठ म्हणजे डी-डायमर. ती रक्तात सापडली याचा अर्थ एवढाच की कुठेतरी कुंपण बांधलं गेलं होतं आणि ते मोडलं जातंय. कुठे, कशासाठी, हे ती सांगत नाही.

हे तुकडे १९७० च्या दशकात ओळखले गेले. अडचण अशी की त्या वेळच्या टेस्टना गाठीतून सुटलेला तुकडा आणि साध्या फायब्रिनोजेनचा तुकडा यांतला फरक नीट कळत नसे. तोडगा निघाला तो केंब्रिजमधल्या एका शोधामुळे. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली एकाच नेमक्या आकाराला चिकटणाऱ्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवायची युक्ती शोधली. (१९८४ चं नोबेल.) ती वापरून ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या रायलट आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली फक्त डी-डायमर पकडणारी चाचणी प्रसिद्ध केली.

तरी ही टेस्ट वापरायची कशी हे कळायला आणखी वीस वर्षं गेली. कारण डी-डायमर वाढायला निमित्त काहीही पुरतं : ऑपरेशन, जंतुसंसर्ग, कॅन्सर, गर्भारपण, मार लागणं, नुसतं वय वाढणंसुद्धा. म्हणजे 'वाढलंय, म्हणून गाठ आहे' हे अनुमान लंगडं. पण उलट बाजू भक्कम निघाली : संशय मुळात कमी असेल आणि आकडाही कमी असेल, तर गाठ जवळजवळ नक्की नाही.

कॅनडाच्या फिलिप वेल्स यांनी हे रीतसर मांडलं. आधी पेशंटकडे बघा. कॅन्सर आहे का, माणूस अंथरुणाला खिळलाय का, एका पायाची पोटरी दुसरीपेक्षा ३ सेंटिमीटरहून जास्त जाड आहे का, असे गुण द्या. गुण कमी असतील तर डी-डायमर करा. तेही कमी आलं तर सोनोग्राफीशिवाय घरी पाठवा. २००३ साली त्यांच्या गटाचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला आणि ही रीत जगभर रुळली. कुरखेड्याच्या मॅडम टेप घेऊन पोटरी का मोजत होत्या ते मला इथे कळलं. ज्याला मी जुनाट पद्धत समजलो असतो तीच खरी पहिली पायरी होती. आकडा नंतरचा.

थोडक्यात, डी-डायमर हा 'नाही' म्हणणारा साक्षीदार आहे. त्याने 'नाही' म्हटलं तर विश्वास ठेवा. तो गप्प बसला किंवा आरडाओरडा करू लागला, तर दुसरा साक्षीदार शोधा.

*

मग आपल्या घराघरात हा शब्द उलटा कसा शिरला? उत्तर तुम्हाला माहीत आहे. २०२० च्या सुरुवातीला वुहानमधून बातमी आली की दवाखान्यात भरती झालेल्या कोविडच्या ज्या पेशंटचं डी-डायमर फार वाढलेलं असतं त्यांच्यात मृत्यू जास्त दिसतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत प्रत्येक फॅमिली ग्रुपवर सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर हे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे फिरत होते. तिथे ही टेस्ट आजार किती गंभीर आहे हे बघायला वापरली जात होती. गाठ नाही हे ठरवायला नव्हे. काम बदललं, पण नाव तेच राहिलं, आणि आपल्या डोक्यात 'वाढलं की वाईट, कमी की छान' एवढंच उरलं.

त्यात एककांचा घोळ. माझ्या बाबांच्या दोन रिपोर्टांत तेव्हा एकदा ०.६ आणि एकदा ५८० आलं होतं आणि आई रात्रभर झोपली नव्हती. एक आकडा मायक्रोग्रॅममध्ये होता, दुसरा नॅनोग्रॅममध्ये. म्हणजे जवळजवळ सारखेच! शिवाय काही लॅब 'एफईयू'त मोजतात, काही 'डीडीयू'त. पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो. म्हणजे ५००, ०.५ आणि २५० या तिन्ही एकाच रेषेच्या खुणा असू शकतात. १९९९ साली नासाचं मंगळयान एककांच्या अशाच गोंधळात गमावलं गेलं, हे आम्हाला कॉलेजात हसत हसत शिकवलं होतं. त्या रात्री आईकडे बघून हसू आलं नव्हतं.

वयाचंही तसंच. २०१४ मध्ये एका मोठ्या युरोपीय अभ्यासाने दाखवलं की पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून येणारी मर्यादा फुप्फुसातल्या गाठीच्या बाबतीत सुरक्षितपणे वापरता येते. म्हणजे सत्तर वर्षांच्या आजोबांना ५०० नव्हे, ७००. 'नॉर्मल' हा एकच आकडा सगळ्यांसाठी नसतोच. कुणाचं नॉर्मल, हा प्रश्न आधी विचारायचा.

आणि हाच प्रश्न आम्हाला सिकलसेलकडे घेऊन जातो.

*

१९०४ च्या डिसेंबरात शिकागोच्या एका इस्पितळात ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा तरुण दाखल झाला. शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्सना त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. १९१० साली त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी ते छापलं. नोएल शिकून मायदेशी परतला आणि १९१६ साली न्यूमोनियाने गेला.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष पेशीत नाही, तिच्यातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅमने नेमकी जागा सांगितली : बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी सहावं बदललेलं. एवढ्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये एक अक्षर चुकलेलं. आणि १९५४ मध्ये अँथनी ॲलिसनने पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की ही चूक टिकून का राहिली. एकच जनुक असलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथे जंगल आणि मलेरिया, तिथे सिकलसेल. आमच्या जिल्ह्याचं वर्णनच म्हणा ना.

भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ साली, निलगिरीच्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्ये. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख लॅन्सेटमध्ये छापला. म्हणजे नागपूरला १९५८ पासून ठाऊक होतं. गडचिरोलीला? (तेव्हा चांदा जिल्हाच. गडचिरोली वेगळा झाला १९८२ साली.)

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात गडचिरोलीत 'सर्च'चं काम सुरू केलं तेव्हा त्यांनी सुरुवातीच्या अभ्यासात सिकलसेल हाती घेतला आणि तो जिल्ह्यात चांगलाच पसरलेला असल्याचं दाखवलं. या गोष्टीचा पुढचा भाग जास्त प्रसिद्ध आहे, डॉ. बंगांनी तो स्वतःच सांगितलाय : लोकांना या शोधात फारसा रस वाटला नाही, कारण ती त्यांची मागणी नव्हती, डॉक्टरांचं कुतूहल होतं. तिथून त्यांनी संशोधनाची दिशाच बदलली आणि लोकांना काय हवं ते आधी विचारायला सुरुवात केली. त्याच दशकात कुरखेड्यात डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था उभी केली. नावातच सगळं आलं.

पण माझं मन अडकलं ते गोष्टीच्या पहिल्या भागात. त्याआधी जिल्ह्यात सिकलसेल नव्हता का? होता. पिढ्यान्‌पिढ्या होता. पोरांचे हातपाय सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे, हाडं ठणकायची, आणि काही पोरं मोठी व्हायच्या आतच जायची. फक्त कुणी तपासलं नव्हतं. आणि न तपासलेल्याची नोंद कागदावर 'शून्य' अशी दिसते. नलचं फॉल्स झालं, तेही अख्ख्या जिल्ह्याचं. फिरखोचा १८४८ चा अहवाल वाचताना मला हेच आठवलं. कोणत्या गावात रक्त तपासलं जातं आणि कोणत्या नाही, हे काही फक्त डॉक्टर ठरवत नाहीत.

मला स्वतःला आठवतं ते शाळेतलं. २००८-०९ च्या सुमारास राज्याचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर एकदा शाळेत आरोग्यवाले आले. बोटाला टोचलं, थेंब एका नळीतल्या पाण्यात टाकला. ही सोल्युबिलिटी टेस्ट. पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक, गढूळ झालं तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे. पण वाहक की रुग्ण हे ती सांगत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. माझं पाणी स्वच्छ राहिलं. बहिणीचं गढूळ. मग मामा-मामीचंही तपासलं, दोघंही वाहक निघाले. दोन वाहकांच्या प्रत्येक मुलाला रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. 'आमच्या घराण्यात असलं काही नाही' असं म्हणणारी आजी त्या दिवसापासून गप्प झाली.

२०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट. उशिरा का होईना, मोजणी सुरू झाली हे महत्त्वाचं.

*

आता दोन्ही धागे जोडतो. सिकलसेलमध्ये डी-डायमर कायम का वाढलेलं असतं? विळ्यासारख्या वाकलेल्या पेशींच्या आवरणाची आतली बाजू बाहेर उघडी पडते आणि ती गाठ बनवणाऱ्या यंत्रणेला आयतं मैदान मिळतं. पेशी फुटून बाहेर सांडलेलं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं. म्हणजे शरीरात बारीक बारीक कुंपणं सतत बांधली जातात आणि सतत मोडली जातात. फिरखोच्या यादीतलं तिसरं कारण, रक्ताची प्रकृती, इथे जन्मापासूनच हजर. बाळंतपणाने त्यात भर पडते.

मी इथपर्यंत वाचलं आणि थांबलो. 'म्हणजे आकड्याला अर्थ नाही, म्हणजे काळजी नाही.' पण हेच वाक्य दुसऱ्या बाजूने वाचा. आकडा कायम वाढलेला असतो कारण गाठ बनायची प्रवृत्तीच कायम वाढलेली असते! २०१३ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी सिकलसेलच्या ४०४ प्रौढ पेशंटचा अभ्यास छापला. त्यातल्या १०१ जणांना कधी ना कधी शिरेत किंवा फुप्फुसात गाठ झाली होती. चौघांत एक, आणि तेही साधारण तिशीच्या आसपास. ज्या माणसात गाठीची भीती सगळ्यांत जास्त, नेमकी त्याच्याच बाबतीत ही सोपी टेस्ट मुकी.

आमच्या हापिसात एक जुना सर्व्हर आहे. तो दिवसभर वॉर्निंग फेकत असतो, म्हणून सगळ्यांनी त्याचे अलर्ट म्यूट करून ठेवलेत. एका रात्री तो खरोखर बसला आणि सकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही. 'हा नेहमीच ओरडतो' हे निरीक्षण बरोबर होतं. त्यावरून 'म्हणून लक्ष द्यायची गरज नाही' हे आम्ही आमच्या सोयीने जोडलं. करायला हवं होतं ते उलट : या सर्व्हरचा अलर्ट कामाचा नाही, तर त्याच्यावर दुसऱ्या मार्गाने नजर ठेवा. टेप लावा. डॉप्लर करा.

*

जाता जाता एक गंमत, आमच्याच भागातली. रक्त गोठण्याची सगळ्यांत साधी टेस्ट मशीनशिवाय होते आणि पावसाळ्यात ग्रामीण दवाखान्यांत ती अजूनही जीव वाचवते. घोणस (आमच्याकडे परड) चावली की विषामुळे रक्तातलं गोठायचं सामान खर्ची पडतं आणि रक्त गोठेनासं होतं. डॉक्टर दोन-तीन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात, वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त ओघळलं तर विष चढलंय, प्रतिविष सुरू करा. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, कारण काचेच्या स्पर्शानेच गोठण्याची क्रिया सुरू होते. साबणाने धुतलेली नळीही दगा देते.

आणि त्याच घोणशीच्या विषाचा पातळ केलेला थेंब आज मोठ्या लॅबमध्ये एका वेगळ्या टेस्टसाठी वापरतात. ज्यांच्या रक्तात गाठी करणाऱ्या विशिष्ट अँटिबॉडी असतात त्यांना शोधायला. १९३४ साली इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी हे विष हिमोफिलियाच्या रक्तस्रावावर वापरून पाहिलं होतं, तिथून हा प्रवास सुरू झाला. आमच्या बांधावरचा साप असा लॅबमध्ये नोकरीला लागला :)

या वीस मिनिटांच्या टेस्टमध्ये मला आवडलेली गोष्ट अशी : नळी चुकीची असेल तर उत्तर धरायचं नाही, पुन्हा करायची, आणि दरम्यान पेशंटकडे बघत राहायचं. टेस्टला काय कळतं आणि काय कळत नाही, हे ती करणाऱ्याला ठाऊक असतं. मला ४२०० हा आकडा कळला होता. तो कुणाचा आहे आणि त्याला काय विचारायचं, हे कळलं नव्हतं.

आता घरच्या ग्रुपवर रिपोर्ट आला की मी अर्थ सांगत नाही. तीन प्रश्न विचारतो. टेस्ट कुणी सांगितली? एकक काय आहे? आणि डॉक्टरांनी माणसाला हात लावून तपासलंय का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर आधी दवाखाना, मग गप्पा. मामीला हे आता पाठ झालंय. परवा कुणाचा तरी रिपोर्ट टाकल्यावर तिनेच खाली लिहिलं, "बाबू, तू रावू दे. मॅडमले दाखवून आलो."

असो. उद्या सोमवार, साडेनऊला स्टँडअप. पुढच्या विकांताला भेटू.